देवीच्या पायाशी ठेवलेली गोळी

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. असं काही घडलं की माणसं दैवाला, ग्रहांना नाहीतर सासरच्यांना बोल लावतात. मला तशी सोय नाही. घरात मीच थोरली आणि हुकूम सोडायची सवयही माझीच. मुकुंदवाडीतल्या आमच्या घरी मी, माझा धाकटा दीर आणि त्याची बायको कुंदा, असे तिघंच. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. दीर वाळूजच्या कारखान्यात; पाळी बदलली की दोन-दोन दिवस बजाजनगरला मित्राच्या खोलीवरच राहायचा. कुंदा माझ्याहून वीस वर्षांनी लहान. नात्यानं जाऊ, पण मी तिला लेकीसारखं वागवलं आणि लेकीवर चालवावी तशी सत्ताही चालवली.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कुंदाचा आजार सुरू झाला. कुणी नसताना तिला आवाज ऐकू यायचे, झोप उडायची, शेजारीण आपल्यावर नजर ठेवते म्हणून ती भर दुपारी खिडक्या लावून बसायची. शहरातल्या सरकारी दवाखान्यात मानसिक आजारांच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि सहा महिन्यांत आमची कुंदा आम्हाला परत मिळाली. ती स्वयंपाक करू लागली, देवीच्या देवळातल्या आमच्या भजनी मंडळात टाळ धरू लागली. पण दर महिन्याला गोळ्यांसाठी सकाळपासून रांगेत बसायचं, दिराच्या कामाचा खाडा व्हायचा आणि वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर ‘डोळे दाखवायला गेलो होतो’ असं खोटं सांगायचं. मला त्या सगळ्याची लाज वाटायची. खरं सांगते, त्या गोळ्यांचीच लाज वाटायची. ज्या घरात इतकी वर्षं देवीची ओटी भरली जाते, त्या घरात ही पाकिटं कशाला? माझीच भक्ती कमी पडते की काय, ही शंका आतून कुरतडत होती.

त्या वर्षी घट बसले त्या दिवशी मी कुंदाला म्हणाले, “नऊ दिवस कडक उपास धर. गोळी जेवणानंतरची असते. जेवणच नाही तर गोळी कशाला?”

ती हळूच म्हणाली, “बाई, डॉक्टरबाई म्हणल्या व्हत्या, एक दिसबी सोडायची नाय.”

“डॉक्टरबाईंपेक्षा देवी मोठी,” मी म्हणाले आणि गोळ्यांचा डबा उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला. तिचा हात तिथवर पोचत नाही, हे मला माहीत होतं.

चौथ्या माळेपासून तिची झोप गेली. सहाव्या माळेला आरती चालू असताना तिचे केस सुटले, ती घुमू लागली, आवाज बदलला. “मी आले, मला वळखलं नाय का?” असं म्हणाली. आवाज ऐकू येणं, झोप उडणं, आपण कुणी वेगळंच आहोत असं वाटणं, आजार उलटला तर काय काय होईल ते डॉक्टरबाईंनी मला दहा वेळा सांगितलं होतं. तेच डोळ्यांपुढे घडत होतं आणि मला ओळखू आलं नाही. की ओळखायचंच नव्हतं? बायका पुढे सरसावल्या. कुणी तिचे पाय धुतले, कुणी मळवट भरला. सातव्या माळेला सकाळपासून दाराशी रांग लागली. लेकीला स्थळ कधी येईल, नवऱ्याची दारू सुटेल का, असे प्रश्न घेऊन बायका येत होत्या. कुंदा काहीबाही बोलायची आणि आम्ही त्याचे अर्थ लावायचो. मी शेजारी बसून आलेल्या ओट्या नीट लावून ठेवत होते आणि मनातून फुशारले होते. आमच्या घरात देवी आली! ज्या आजाराची मला लाज वाटायची, त्याच आजाराच्या मी पाया पडत होते. हे लिहिताना आजही कान तापतात.

आठव्या माळेला सकाळी कुंदा घरात नव्हती. तिच्या चपला दारातच होत्या. विहीर, रेल्वेचे रूळ, नको ते सगळं मनात आलं. दिराला फोन केला, तो बजाजनगरहून पोलिसांकडे जायला निघाला. मी मुकुंदवाडी स्टेशनाकडे धावले. तिथला तिकीट देणारा म्हणाला, “हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, अनवाणी? ती तर मघाच्या मनमाडकडच्या गाडीत बसली. लोक पाया पडत होते तिच्या. कुणी अडवलं नाही.”

कुणी अडवलं नाही, हे शब्द माझ्या वर्मी बसले. अडवायचं काम माझं होतं.

पुढच्या गाडीत मी बसले. बेत पक्का केला होता. मधे कुठं उतरायचं नाही, थेट मनमाड गाठायचं. तिथं मोठं जंक्शन, तिथं पोलिसांना फोटो दाखवायचा. पण माझंही आठ दिवसांचं उपाशी पोट. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. लासूर स्टेशनला गाडी थांबली तेव्हा घोटभर पाण्यासाठी मी खाली उतरले, नळाला तोंड लावलं आणि वळून बघते तर गाडी हललेली. चार पावलं पळाले आणि मटकन खाली बसले. फलाटावर बसून मी देवीशी भांडले, अगदी मोठ्यानं. “आठ दिवस तुझ्यासाठी उपाशी राहिले आणि तू मला पाण्याच्या घोटासाठी गाडीतून उतरवलंस?” लोक बघत होते. आदल्या दिवशी कुंदाला बघत होते, तसेच. मग मात्र मी रडले. म्हणाले, माझं डोकं आता चालत नाही, तुला जे करायचं ते कर.

पुढची गाडी दुपारची होती. बसून राहवेना म्हणून स्टेशनाबाहेर आले. रस्त्यापलीकडे एका लिंबाखाली मेंढरं बसली होती. त्यांच्या मधोमध घोंगडीवर हिरवं लुगडं दिसलं. एका म्हाताऱ्या धनगरणीच्या मांडीवर डोकं ठेवून आमची कुंदा झोपली होती. पाच दिवसांत पहिल्यांदा झोपली होती. मी तिथं उतरणार नव्हते, एवढंच मला माहीत आहे. त्यापलीकडे कुणाला काय समजायचं ते समजू दे.

मी जवळ गेले तशी म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं. “वरडू नगस. आत्ता कुठं डोळा लागलाय. तुझीच व्हय ही?”

“जाऊ आहे माझी.”

“उपाशी व्हती. भाकर चारली म्या. उपास मोडला तिचा. पाप लागलं तर मला लागू दे.” मग माझ्याकडे निरखून बघत तिनं विचारलं, “गोळ्या कुणी बंद केल्या?”

मी चाटच पडले. गोळ्यांचं हिला कसं कळलं? तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. आत औषधाचं पाकीट होतं. तिच्या लेकाला हाच आजार होता. त्यालाही असेच लोक पाया पडायचे. “मलाबी लई बरं वाटायचं बघ,” ती म्हणाली, “पर येक दिस त्यो इस्तवात हात घालायला निघाला, मंग मेली माझी हौस.” आता ती रोज सकाळी पालातल्या देवीच्या टाकापुढं गोळी ठेवते, नमस्कार करते आणि मग लेकाला देते. “परसाद हाय म्हणलं की घेतो. उपास त्याच्या वाटचा मी करते.”

“मग आता बरा आहे?”

“गोळ्या असल्या की बरा. संपल्या की शहरात जायचं, दिस मोडतो. मेंढरं कुणाच्या जिवावर सोडू? मंग पंधरा-पंधरा दिस खाडा.” तिनं एका कोकराला हातानं मागं सारलं. “दवाखाना लांब हाय आन देवी जवळ हाय, म्हून माणसं देवीकडं येत्यात. त्यात त्यांचं काय चुकलं? डाक्टरलाच बसवावा की देवीपाशी.”

ती सहज बोलली. मला मात्र वाटलं, फलाटावर मी जे विचारलं त्याचं हे उत्तर आहे. मी दिराला फोन केला; तो गाडी करून येईपर्यंत तिनं मलाही भाकर खायला लावली. नाव विचारलं तर म्हणाली, “नाव घिऊन काय करतीस? घरी जा, तिची गोळी दे.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कुंदाला सावरायला तीन महिने लागले. ते दिवस फार वाईट गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी तिच्या उशाशी बसून एकच घोकायचे, ही उठली पाहिजे आणि दुसऱ्या कुणाची कुंदा अशी पडता कामा नये. ती उठून बसायला लागली त्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंना म्हणाले, “मंगळवारी आमच्या देवळात याल?” त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. म्हणाल्या, “मी येईन. गोळ्यांची सोय करा आणि बसायला जागा बघा.”

मग मी कंबर कसली. गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रातून फुकट मिळाव्यात म्हणून अर्ज केला, तो हरवला, म्हणून पुन्हा केला, पुन्हा हरवला. तिसऱ्या वेळी मी अर्ज हातात घेऊन साहेबांच्या दारातच बसकण मारली आणि सही घेऊनच उठले. देवळाचे अध्यक्ष म्हणाले, “देवळात येड्यांचा बाजार भरवता का?” मी म्हणाले, “कुंदाच्या पाया पडायला तुमच्या घरच्या आल्या होत्या, तेव्हा आमचं घर बाजार नव्हतं?” त्यांना राग आला. पण भजनी मंडळाच्या अकरा बायका माझ्या मागे उभ्या होत्या आणि त्यातली एक त्यांची सख्खी वहिनी होती. जागा मिळाली.

पहिल्या मंगळवारी सभामंडपात टेबल मांडलं, खुर्ची ठेवली, पाटी लावली. कुणी आलं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या मंगळवारीही नाही. डॉक्टरबाई बिचाऱ्या वर्तमानपत्र वाचून परत जायच्या. मला चिडचिड झाली, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. तेव्हा इतके दिवस गप्प असलेली कुंदा बोलली, “बाई, त्या टेबलापुढं बसलं की समद्या गल्लीला कळतंय, ही येडी. कोण बसंल? पाटी काढा. डॉक्टरबाईंना आपल्या भजनाच्या सतरंजीवर बसवा, अंगाऱ्याच्या ताटाजवळ. अंगारा घ्यायला तर समदेच येत्यात.”

मी आयुष्यभर हिला शिकवत आले होते. त्या दिवशी मी मुकाट टेबल उचललं.

तेव्हापासून दर मंगळवारी भजन संपलं की डॉक्टरबाई सतरंजीवर बसतात. शेजारी कुंदा अंगाऱ्याचं ताट घेऊन. अंगारा लावून घेतलेलं माणूस तिथंच टेकतं, सुरुवातीला गुडघेदुखी सांगतं, मग झोप येत नाही म्हणतं आणि हळूहळू खरं बोलू लागतं. आम्ही बायका दूर सरकतो, टाळ पुसत बसतो, ऐकलेलं कुठं बोलत नाही. गोळी हवी त्याला तिथंच मिळते. ती आधी देवीच्या पायाशी ठेवायची की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. डॉक्टरबाई स्वतः देव मानत नाहीत. पहिल्यांदा हे बघून त्या हसल्या होत्या, पण म्हणाल्या, “रोज न चुकता घेतली जात असेल तर माझी हरकत नाही.” लासूरला मी तीनदा जाऊन आले. ती म्हातारी भेटली नाही. मेंढरं चारणाऱ्यांचा मुक्काम कुठं एका जागी असतो! तिकडच्या बायकांना मात्र सांगून आले आहे, कुणा धनगरणीच्या लेकाला गोळ्या लागत असतील तर माझ्याकडे निरोप द्या, मी आणून देईन.

यंदाच्या नवरात्रात, सहाव्या माळेलाच, मंगळवारी भजन संपल्यावर एक बाई आपल्या कोवळ्या सुनेला धरून देवळात आली. सून घुमत होती. बाईच्या चेहऱ्यावर भीती होती आणि थोडा अभिमानही होता. तो अभिमान मी लांबूनच ओळखला. चार जणी पाया पडायला पुढे झाल्या. मी उठणार, तोच कुंदा उठली. ताट खाली ठेवून तिनं त्या मुलीला हळूच सतरंजीवर बसवलं, मोकळे केस मागं सारले आणि पाणी पाजलं. मग प्रसादाचं केळं सोलून तिच्या तोंडाशी धरलं.

“अगं, कडक उपास हाय तिचा!” सासू ओरडली.

“म्या मोडला,” कुंदा म्हणाली. “पाप लागलं तर मला लागू दे. गोळ्या कुणी बंद केल्या हिच्या?”

ती लिंबाखाली झोपली होती असं मी इतकी वर्षं समजत होते. तिनं सगळं ऐकलं होतं.

सासूनं मान खाली घातली. डॉक्टरबाई सरकून जवळ आल्या. मी देवीसमोर जाऊन उभी राहिले. माझ्या हाताला काही काम उरलं नव्हतं, म्हणून ते जोडले. फलाटावर मी तिला म्हणाले होते, तुला जे करायचं ते कर. तेव्हा ते वैतागानं म्हणाले होते. आता तेच पुन्हा म्हणाले, आणि मागून कुंदाचा आवाज येत होता, “घे बाळा, अजून एक घास घे.”