चौथा खांदा

जीप बेंबळीच्या वेशीजवळ आली आणि समोरून चौघं जण खांद्यावर बाज घेऊन येताना दिसले. बाजेवर रंगनाथराव आडवे. मला वाटलं, गेले. आठवड्यापूर्वीच त्यांना दवाखान्यातून घरी सोडलं होतं.

मी तेव्हा उस्मानाबादच्या दवाखान्यात नर्स होते. घरी गेलेल्या हार्टच्या पेशंटांची औषधं, पथ्यपाणी, आराम यांवर लक्ष ठेवणं माझ्याकडं होतं. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा एक भाग रक्त न मिळाल्यानं मरतो. ती जखम भरेपर्यंत त्या काळी एकच ऑर्डर असायची, कम्प्लीट रेस्ट. रंगनाथरावांना मी बजावलं होतं, बाजेवरून पाय खाली टाकायचा नाही.

तेवढ्यात बाजेवरून हात वर झाला.

"राम राम, सिस्टर!"

मी किंचाळलेच. "अहो, निघालात कुठं?"

"शेतात. पेरणी चाललीय. पोरांना सरळ तास धरता येत न्हाय."

"तुम्हाला आराम सांगितला होता ना?"

"मग? पाय खाली टाकलाय का म्या? इचारा पोरांना."

माझ्याबरोबर जीपमधून आलेल्या डॉक्टरसाहेबांना हसू आवरेना. "सिस्टर, तुमची ऑर्डर तंतोतंत पाळलीय बघा." मला राग आला होता, पण हसूही आलं. बाज खाली ठेवायला लावून मी नाडी बघितली. छान संथ होती.

मान वर केली तर बाजेच्या मागच्या पायाशी गणपत उभा. शेजारचाच शेतकरी, आणि माझाच दुसरा पेशंट. त्याचा आराम संपला होता, थोडं हिंडाफिरायची परवानगी होती. आता तो घामानं निथळत होता, ओठ निळे पडले होते.

"गणपत! ओझं उचलायचं नाही म्हटलं होतं ना?"

"ओझं कुठं हाय, बाई? खांदा हाय. सालगडी आला न्हाय, चौथा कमी पडला. खांद्याला बलावल्यावर न्हाय कसं म्हणावं?"

एवढं बोलून तो छाती धरून खाली बसला.

कुणी काही म्हणायच्या आत रंगनाथराव बाजेवरून उतरले. "घाला त्याला हितं!" त्याच बाजेवरून गणपतला जीपपर्यंत नेलं. साहेबांनी इंजेक्शन दिलं, मी हात धरून बसले. उस्मानाबाद यायच्या आत तो गेला. ज्याला मी गेलेला धरलं होतं तो धडधाकट, आणि हा गेला. मला रडूसुद्धा आलं नाही.

त्याला परत गावी नेलं. रंगनाथराव खांदा द्यायला पुढं झाले. साहेबांनी अडवलं.

"साहेब, मला मेल्यावर द्यायचा खांदा त्यानं जित्तेपणीच दिलाय. आता मला सरा म्हणता?"

साहेब बाजूला झाले. बायका स्मशानात जात नाहीत, पण मी गेले. रंगनाथरावांच्या मोकळ्या हाताची नाडी धरून मी शेवटपर्यंत चालले.

ते पुढं बरीच वर्षं जगले. मी मात्र त्यानंतर पेशंटला घरी सोडताना "ओझं उचलू नका" एवढ्यावर कधी थांबले नाही. "कुणी मेलं तरी खांदा द्यायचा नाही," असं तोंडावर सांगायचे. बाई अभद्र बोलते म्हणून नातेवाईक चिडायचे. मी त्यांच्याकडूनही तेच वाक्य म्हणवून घ्यायचे.