अंजनाच्या नांग्या

योगिनी वनशास्त्रात डॉक्टर झाली तेव्हा उंद्रीतले लोक दोन महिने तिला आपली गुडघेदुखी सांगत होते. "वनातली डॉक्टर म्हंजे जडीबुटीवालीच ना व?" असं शेजारच्या म्हातारीनं विचारलं, तर योगिनी म्हणाली, "तसंच समजा."

तिच्यासोबत शिकलेले कुणी परीक्षा देऊन वनखात्यात साहेब झाले, कुणी बँकेत चिकटले, एकीनं विम्याचं काम धरलं. शिकवायचं आणि संशोधन करायचं, हा हट्ट योगिनीचा एकटीचा. सहा वर्षं ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. वर्गात उभं राहिलं तर पगार, सुट्ट्या लागल्या की घरी. विद्यापीठाची जाहिरात निघायची, रद्द व्हायची, परत निघायची. या वर्षी खरोखरच मुलाखतीचं पत्र आलं. वनशास्त्र महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाची एक जागा. पुढची जाहिरात निघेस्तोवर तिचं वय निघून जाणार होतं.

हातात हुकमी पत्ता एकच. गावामागच्या खडकाळ बरडावर तिनं चार वर्षांपूर्वी अंजनाची दोनशे रोपं लावली होती. शंभर रोपांना दगडाचं आळं केलं, शंभर उघडी ठेवली. पाणी कुणालाच नाही. दोन वर्षांनी आळ्यातली शहाऐंशी जिवंत होती, उघड्यावरची पंचेचाळीस. त्यावर तिनं शोधनिबंध लिहिला, तो छापून आला, आणि खडकाळ जमिनीवर झाड जगवायचं म्हटलं की लोक तिच्या आकड्याचा दाखला देऊ लागले.

मुलाखतीला दोन दिवस राहिले असताना ती ताजी मापं घ्यायला बरडावर गेली. राखणदार शालिग्रामकाका कुंपणाच्या फाटकाशी उभेच होते. सत्तरीचा माणूस, जन्मभर कपाशी केलेला, पोरांनी शेत हाती घेतल्यावर योगिनीच्या रोपांवर जीव लावून बसलेला.

"नोकरी लागली का पोरी?"

"अजून नाही काका. परवा विचारतील, मग सांगतील."

"विचाराचं काय त्यात? इथं आना म्हना त्याईले. डोयानं पाहा म्हना."

योगिनी वाकून एकेका खोडाची जाडी मोजत गेली. आळ्यातली काही झाडं अंगठ्याएवढी जाड, तर शेजारचीच करंगळीएवढी. एका दिवशी लावलेली रोपं, माती तीच. तिनं दोनदा मोजलं. मग मान दुखली म्हणून उठली आणि काकांच्या घरी चहाला गेली.

चहा टाकता टाकता तानुबाईनं नवऱ्याचं गाऱ्हाणं मांडलं.

"याईले सांग बाई काही. त्या तुह्या झाडापायी त्या साली माहं अंगन खाल्लं याईनं. दुधाच्या पिशव्या भरभरून रोपं. पाय ठेवाले जागा नाई. लेक माहेरी आली तर बाज कुठं टाकू?"

"कोणती रोपं, काकू?"

"अंजनाची, आनखी कोन्ती? नांग्या भराले."

शालिग्रामकाका खाली पाहत लाजल्यासारखे हसले. "तू गप व. सांगाची गोष्ट हाय का ते?"

योगिनीनं कप खाली ठेवला. कपाशीच्या ओळीत बी उगवलं नाही, रोप मेलं, की तिथं दुसरं लावायचं. याला नांग्या भरणं म्हणतात. शेतात रिकामी जागा दिसली आणि शेतकरी नुसता पाहत बसला, असं या मुलखात होत नाही.

"किती भरल्या काका?"

"सदतीस. त्या पयल्या उन्हायात लई मेली व. तुये नंबरचे बिल्ले हायेत ना, ते काढून नव्याले बांधले बराबर. गडबड नाई केली."

"आणि उघड्यावरची?"

"ते तर तू मराले ठेवली होती ना?" काकांना तिच्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तूच म्हनली, काका, दगडाच्या आयातली जगली पाह्यजे, माहं सारं याच्यावर हाय. मंग?"

म्हणाली होती. चप्पल घालता घालता, बस चुकेल या घाईत, थट्टेनं म्हणाली होती. आणि शहाऐंशीतून सदतीस गेले की उरतात एकोणपन्नास. आळं आणि उघडं यांत फरक असा राहतच नव्हता.

यापेक्षा वाईट गोष्ट तिची तिलाच ठाऊक होती. दुसऱ्या पावसाळ्यात ती दर महिन्याला येणार होती, आली एकदाही नाही. तास बुडाले असते, शिवाय काका फोनवर आकडे सांगायचेच. "सत्त्याऐंशी... थांब, एक इसरलो, अठ्ठ्याऐंशी." तिनं ते उतरवून घेतले आणि निबंधात लिहिलं, मोजणी लेखिकेनं प्रत्यक्ष केली. एकदा जरी आली असती, तर अंगणातल्या दुधाच्या पिशव्या दिसल्या असत्या.

चहा छान झालाय, एवढंच ती म्हणाली.

घरी तिच्या नवऱ्यानं, शेखरनं, सगळं ऐकून घेतलं. चिखलीत त्याचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला समजवावं तसा तो शांतपणे म्हणाला, "तू लावली का ती रोपं? नाही. तुले माहीत होतं का? नाही. मग तुही कोन्ती चूक?"

"आता माहीत झालं ना."

"परवाच्यानंतर माहीत झालं समज. दोन दिवसानं काय बिघडून राह्यलं?"

तिला त्याचा राग आला नाही. तो जे बोलत होता तेच ती येताना बसमध्ये स्वतःशी बोलली होती. म्हणून तर मुलाखतीच्या खोलीत शिरताना तिच्या सादरीकरणात शहाऐंशी तसेच होते.

समितीत चौघं होते. मधले पिकल्या केसांचे प्राध्यापक तिच्याकडे पाहून हसले. "तुमचा हा आळ्याचा प्रयोग आम्ही मुलांना शिकवतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या पोरांनी डोंगरावर दोन हजार आळी रचली. हात सोलून निघाले बिचाऱ्यांचे."

योगिनीला ती पोरं दिसली. दगड उचलणारी, तिचा आकडा खरा मानणारी.

"सर, तो आकडा चूक आहे," ती म्हणाली. "एकोणपन्नास हवा. मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली गेली होती."

"कुणी लावली?"

राखणदाराचं नाव घेतलं असतं तर कदाचित निभावलंही असतं.

"मी त्या वर्षी मोजायला गेलेच नाही, सर. गेले असं लिहिलं. निबंध मागे घेण्याचं पत्र मी आज पाठवते आहे."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. "तुम्ही हे सांगायला नको होतं, असं मला म्हणता येत नाही," ते म्हणाले. "आणि आता तुम्हाला घ्या, असंही म्हणता येत नाही."

जागा दुसऱ्याला गेली.

आठवड्यानं ती बरडावर गेली तेव्हा काकांना शेखरकडून कळलेलं होतं. ती काही बोलायच्या आत ते म्हणाले, "म्हंजे मी तुही नोकरी खाल्ली."

"नाही काका. मी आले नाही, ती चूक माझी."

"तू असं म्हनशीनच."

तिनं परत परत सांगितलं. काका मान हलवत राहिले, पण पटल्याची ती मान नव्हती. मुलाखतीच्या खोलीत तिनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच घेऊन ठेवलं होतं.

"या पावसाळ्यात नव्यानं लावू," ती म्हणाली. "दर पंधरवड्याला मी येईन, मी मोजीन. फक्त मरेल ते मरू द्यायचं."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. दारात आलेल्याला उपाशी परत पाठव, असं कुणी सांगितल्यासारखं.

"पाहत बसाचं?"

"हो."

"आन् शेजारी रोप तयार असनं तरी?"

"तरी."

ते आळ्यातल्या एका बारक्या अंजनाजवळ गेले. मग कमरेच्या करगोट्याला बांधलेली फाटकाची किल्ली सोडू लागले. गाठ लवकर सुटेना.

"मंग दुसरा मानूस पाहा पोरी. तुयं बराबर असन. मह्याच्यानं ते नाई व्हनार."

नको म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण ते राहिले तर एखाद्या सकाळी परत नांगी भरतील, हे दोघांनाही कळत होतं. तिनं किल्ली घेतली. काका फाटकाबाहेर गेले, आणि ते पांदणीच्या वाटेला लागेपर्यंत कुलूप लावायचं तिच्या हातून होईना.