पिकअपचा मूळ रंग

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरींनी माझ्या जुन्या पिकअपवर दोन वर्षांत पाच नोटिसा चिकटवल्या होत्या: 'हे भंगार त्वरित हलवावे.' परवा कारखान्याकडून तिच्या बांधणीच्या नोंदीची झेरॉक्स आली. इंजिन, गिअर, सीट, सगळ्यांच्या सांकेतिक आकड्यांचा अर्थ मी लावला. मूळ रंग तेवढा सापडेना. पार्किंगमध्ये डोकं खाजवत बसलो होतो, तेवढ्यात सेक्रेटरी सहावी नोटीस घेऊन आले. मी वैतागून ती झेरॉक्सच त्यांच्या हातात दिली.

"अहो, रंग शेवटच्या ओळीत कशाला शोधताय? खालून तिसरा आकडा बघा. पिवळा आहे."

हे गृहस्थ एका मोटार कारखान्याच्या स्टोअर्समधून निवृत्त झालेत, हे मला तेव्हा कळलं.

मी दाराच्या रबराखाली पॉलिश पेपर घासायला लागलो. लाल गेला, निळा गेला, करडा गेला. मग सेक्रेटरींनी पेपर हिसकावला आणि चक्क फरशीवर मांडी घातली. नखाएवढा आम्रखंडी पिवळा उघडा पडला, तसे आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत सुटलो.

सकाळी काचेवर सहावी नोटीस होतीच: 'या गाडीला कोणीही टेकू नये.'