आमची मेंढरं त्यांच्या पुस्तकात

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. इथं लिहिलं नाही तर फुटेल.

दोन वर्षांपूर्वी पाटोद्यातली बियाण्याच्या दुकानातली नोकरी सोडून मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागले. शिकवलं एका चित्रकारानं. मी त्यांना दादा म्हणायचे. "दुसऱ्यांचं बघून काढू नको, तुझ्या घरचं काढ," असं तेच म्हणाले.

म्हणून मी वहीभर आमच्या काकूची मेंढरं काढली. ती प्रत्येक मेंढराच्या पाठीवर गेरूची तीन बोटं ओढते. ती आमची खूण. मेंढरू चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलं, तर खूण बघून लोक परत आणून देतात. ती वही महिनाभर दादांकडं होती.

आज बीडला दुकानात त्यांचं नवं पुस्तक उघडलं. पानोपानी मेंढरं, पाठीवर गेरूची तीन बोटं! माझं नाव कुठंच नाही.

तिथूनच फोन लावला. हसत म्हणाले, "अगं, प्रेरणा घेतली. खूश व्हायचं सोडून रडतेस काय?"

प्रेरणा? लई संताप आला. घरी येऊन पुस्तक काकूपुढं टाकलं. तिला वाचता येत नाही. चित्र बघून म्हणाली, "ही तं आपली मेंढरं हायेत. कुनाकडं गेली?"

मी नाव सांगितलं.

"मंग आनून देईल की," काकू बिनघोर म्हणाली. "खूण दिसती ना त्याला."

खूण बघूनच नेली, हे तिला कसं सांगू? तुम्हीच सांगा.