बी-श्याबाईंचं शिफारसपत्र

च्यायी शहरातल्या शाळेत बी-श्याबाईंनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. दुकानाच्या पाटीवरची चूकही त्यांना खपत नसे. म्हणूनच वार्सिनीने कॅनडातल्या वृद्धाश्रमासाठी शिफारसपत्र मागितलं तेव्हा त्या मनातून फुलल्या. सहा वर्षं या इंडोनेशियन बाईने त्यांच्या आईचं सगळं केलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या पाठीला एक फोडही आला नाही, असा तिचा हात.

तिला 'स्किलफुल' म्हणावं, तर तो शब्द बाईंना शाळकरी वाटला. समानार्थी कोशात 'क्राफ्टी' सापडला. क्राफ्ट म्हणजे हस्तकला, मग क्राफ्टी म्हणजे हाताची कुशल. बाईंनी तोच घातला आणि पुढे अर्थ बघितला नाही.

आई गेल्यावर महिन्याभराने वार्सिनी सामान बांधत होती. पत्र तिच्या कपड्यांत तसंच होतं.

"हे पाठवलं नाहीस?"

"नाही बाई. कावेबाज बाईला कोण ठेवून घेईल?"

"कावेबाज कुठे लिहिलंय? नीट वाच की."

वार्सिनीने मोबाइलवर अर्थ दाखवला. बाईंनी तो हसण्यावारी नेला आणि खात्रीसाठी आपला जाडा शब्दकोश उघडला. धूर्त, लबाड, कावेबाज. हाताचं नावही नव्हतं. त्यांनी कोश मिटला.

"मग मला विचारायचं नाही का?"

"तुम्ही इंग्रजीच्या बाई. तुम्ही चुकाल हे डोक्यातच आलं नाही. वाटलं, बांगडीचं अजून मनात आहे."

तीन वर्षांपूर्वी आईची सोन्याची बांगडी हरवली होती. बाईंनी वार्सिनीची बॅग उपसली होती. बांगडी निघाली उशीच्या अभ्र्यात. त्यावर त्या घरात कुणी पुन्हा बोललं नव्हतं. बाईही नाही.

"चुकले गं," बाई म्हणाल्या. "शब्दातही, आणि तेव्हाही."

"जाऊ द्या," म्हणत वार्सिनी घड्या घालत राहिली.

बाईंनी तिथेच बसून साध्या शब्दांत नवं पत्र लिहिलं. पण अर्जाची मुदत टळून गेली होती. वार्सिनी ताइचुंग शहरात दुसऱ्या म्हातारीकडे कामाला गेली.

पुढच्या वर्षी तिने कॅनडासाठी अर्ज केला आणि निवडही झाली. ते सांगायला तिने आठवणीने फोन केला.

"पत्र कुणाचं दिलंस?"

"इथल्या घरच्यांचं, बाई."

"बरं केलंस," बी-श्याबाई म्हणाल्या.