मागून हॉर्न वाजला की

स्कूटरवर बसण्याआधी आपा बुरख्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावायची. एक डावीकडे, एक उजवीकडे, कापड मागच्या चाकात जाऊ नये म्हणून. उतरल्यावर ते काढायला हमखास विसरायची, आणि मग मासळी बाजारात, बँकेत, लग्नाच्या मांडवात ते निळेपिवळे चिमटे मिरवत हिंडायची. कोणी लक्षात आणून दिलंच तर म्हणायची, "असू दे गो. परत घरी जायचंच हाय ना."

आमच्या भागातल्या बायकांना स्कूटर शिकवणारी ही बाई. वयाने आम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, तरी आम्ही तिला अगंतुगंच करायचो. आपा म्हणजे थोरली बहीण, तिला अहोजाहो कोण करतं? तिचा नवरा मस्कतला होता. एका सुट्टीत त्याने हौसेने स्वतःसाठी स्कूटर घेतली आणि परत जाताना पडवीत चादर घालून झाकून ठेवली. आपाने आधी ती नुसती पुसली, मग अंगणात ढकलून पाहिली, मग अंगणातल्या अंगणात चालवली. पुढच्या सुट्टीत तो आला तेव्हा रेल्वे स्टेशनवर त्याला आणायला हीच गेली. "घर येईपर्यंत डोळे उघडले नाय त्यानं," हे ती इतक्यांदा सांगायची, आणि दर वेळी आधी स्वतःच हसून घ्यायची.

मी तिच्याकडे गेले तेव्हा चाळिशी ओलांडली होती. माझा जीव मुळातच भित्रा. गॅस बंद केला का हे बघायला मी निम्म्या जिन्यातून परत येते. अशा बाईला आपाने शहराबाहेरच्या सड्यावर नेलं. सडा म्हणजे लांबच लांब उघडा कातळ, अधूनमधून करवंदीची जाळी, बाकी काही नाही. ती माझ्या मागे बसायची, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. मी हँडल आवळून धरलं की खांद्याला चिमटा. "हात सैल सोड गो. गाडी हाय, नवरा नाय. पळून जायची नाय." मी दोनदा करवंदीत गेले. दोन्ही वेळा तीही माझ्याबरोबर गेली, आणि उठून माझ्याआधी गाडीचा आरसा शाबूत आहे का ते पाहिलं.

खरा धडा मात्र सड्यावर नव्हता. बाजाराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर खडीचे आणि जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे डंपर सुसाट येतात. पहिल्याच दिवशी एक मागून आला आणि त्याने कानठळ्या बसवणारा हॉर्न दिला. आपा मागून ओरडली, "डावीकडे घे! चढव वर!" रस्त्याच्या कडेच्या गटारावर लाद्या टाकल्या आहेत, तोच आमचा फूटपाथ. लोकांनी आपापल्या फाटकासमोर त्याला उतार करून घेतले आहेत. त्यातल्या एका उतारावरून मी गाडी वर चढवली. डंपर धुरळा उडवत निघून गेला. आपा माझी पाठ थोपटत होती. "बगितलंस? वाचलीस ना? मागून मोठा हॉर्न आला की फूटपाथ आपला, ध्यानात ठेव."

ध्यानात कसलं, ते अंगातच गेलं. तिच्याकडे शिकलेल्या प्रत्येकीला हा धडा मिळाला होता. हॉर्न आला की आम्ही चढायचो. पुढे पुढे हॉर्न नसला तरी चढायला लागलो, रस्ता तुंबला म्हणून, उशीर झाला म्हणून. शाळेतली सायकलवाली मुलं चढायचीच, पार्सल पोचवणारे चढायचे, त्यात आम्ही. वर माणसं असायची, नाही असं नाही. ती भिंतीला चिकटायची, पिशवी पोटाशी धरायची आणि आम्ही जायचो.

मग नवरा वारला आणि आपा घरात जरा गप्प झाली. पाठोपाठ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि सुनेने, नसरीनने, स्कूटरची किल्ली काढून घेतली; मुलगाही बापासारखा मस्कतलाच, त्यामुळे घर तीच बघायची. साखर होतीच, त्यामुळे डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. अशी आपा इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच पायी फूटपाथवर आली.

मी तिला वाटेत भेटायचे तेव्हा ती दर थोड्या पावलांनी थांबून मागे वळून बघत असायची. करवंदीत पडून हसणारी बाई, तिच्या चेहऱ्यावर हे असलं काही मी कधी पाहिलं नव्हतं. "मागून काय येतंय कळत नाय गो," ती म्हणाली. "स्कूटरला आरसा तरी हाय. आणि त्या बॅटरीच्या गाड्या तर भुतासारख्या येतात, आवाज नाय काय नाय." मी म्हटलं, मी सोडते तुला, कुठे जायचं ते सांग. ती म्हणाली, चालायलाच तर आलेय, सोडतेस काय? तेव्हापासून माझ्या जिवाला नवा घोर लागला. संध्याकाळी ती घरी पोचली का म्हणून मी नसरीनला फोन करायचे. नसरीन कंटाळून गेली असणार, पण बोलली नाही कधी.

आणि जे व्हायचं ते झालंच. बाजाराकडे उतरणाऱ्या त्याच रस्त्यावर, सकाळच्या वेळी. मी ऑफिसला निघाले होते, गर्दी दिसली म्हणून थांबले. आपा लाद्यांवर आडवी पडली होती, एक पाय विचित्र वळलेला. शेजारी स्कूटर पडली होती आणि तिच्यापाशी आसावरी उभी होती. दातांच्या दवाखान्यात कामाला जाणारी ही मुलगी, आपाची अगदी अलीकडची विद्यार्थिनी. ती रडत एकच वाक्य म्हणत होती, "आपा, मागे डंपर होता गं. तूच सांगितलं होतंस ना! तूच सांगितलं होतंस ना!"

लोक तिच्यावर तुटून पडायच्या बेतात होते. आपाने पडल्या पडल्या तिचा हात धरला. "तुला लागलं नाय ना गो?" असं विचारलं आणि गर्दीकडे बघून म्हणाली, "कोणी बोलायचं नाय तिला. माझी पोर हाय ती."

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, आणि आपा वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागली. मी भेटायला जायचे तेव्हा दुखण्याबद्दल ती बोलतच नसे. तिला झोप लागत नव्हती ती निराळ्याच काळजीने. "किती जणींना शिकवलं गो मी? सगळ्या चढत असतील ना?" मीही त्यांतलीच. "एखाद्या पोरावर कोणी घातली म्हंजे? पोटुशीवर घातली म्हंजे?" तिचं खोटं होतं कुठे?

मग तिने फोन लावायला सुरुवात केली. एकेकीला. "फूटपाथवर चढू नको गो आता. माझं चुकलं ते." पलीकडून जी ती आधी तिच्या तब्येतीची चौकशी करायची आणि मग तेच विचारायची, "बरं आपा, पण मागून डंपर आला तर?" "सांगते गो, सांगते," म्हणून आपा फोन ठेवायची आणि पुढचा नंबर लावायची. तिला शिकवता येत नाही अशी गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली, आणि मला तिचं फार वाईट वाटलं.

एक दिवस मी गेले तर ती माझीच वाट बघत होती. बसायच्या आतच म्हणाली, "थांबायचं."

"म्हणजे?"

"डाव्या कडेला घ्यायची, पाय टेकायचा, जाऊ द्यायचं त्याला. फूटपाथच्या खालीच. हॉर्न मारतो म्हंजे त्यानं तुला बगितलंय गो. फूटपाथवरच्याला तू हॉर्नपण नाय मारत."

मी म्हटलं, थांबलेल्यालाही उडवणारे आहेत. ती म्हणाली, "हायत. मला काय ठाऊक नाय? पण मग दुसरं सांग तू."

सांगून हात ऐकत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून तिने आम्हाला परत सड्यावर बोलावलं. जमेल तेवढ्या आलो. नसरीनने तिला गाडीतून आणलं. कातळावर चुन्याची लांब रेघ मारली होती. रेघेच्या उजवीकडे रस्ता, डावीकडे फूटपाथ. आम्ही एकेकीने रेघेच्या कडेने स्कूटर चालवायची, नसरीनने मागून गाडी आणून जोरात हॉर्न द्यायचा, आणि आम्ही रेघ न ओलांडता थांबायचं. इथपर्यंत ठीक होतं. पण आपा वॉकर टेकत टेकत गेली आणि स्वतः रेघेच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

आम्ही ओरडलोच. नसरीन गाडीतून उतरून आली. "अम्मी, वेड लागलंय काय? परत पडलात तर उठायच्या नाय!" मी म्हटलं, आपा, तिथे खुर्ची ठेवू, पाण्याचा पिंप ठेवू. आपा वॉकर घट्ट धरून म्हणाली, "खुर्चीला कोण भितं? चढशील तू." नसरीन तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत गाडीत जाऊन बसली.

माझी पाळी आली. मी मनाशी घोकत होते, थांबायचं, थांबायचं. आपा समोर दिसत होती, पांढरी ओढणी, वॉकर, जाड चष्मा. तेवढ्यात मागून हॉर्न आला. मी शपथेवर सांगते, हँडल मी वळवलं नाही, ते वळलं. चाक चुन्यावर गेलं. मी दोन्ही ब्रेक दाबले, पाय टेकला, गाडी घसरत जाऊन थांबली ती वॉकरच्या पायापासून वीतभर अंतरावर. मी वर बघितलं. आपाचे डोळे गच्च मिटलेले होते आणि ओठ हलत होते, ती काही पुटपुटत होती. म्हणजे तीही घाबरली होती, आमच्याइतकीच, आणि तरी तिथून हलली नव्हती.

तिने डोळे उघडले. "परत," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला मी थांबले. सगळ्यांत शेवटी आसावरी. ती यायलाच तयार नव्हती, दोघींनी धरून आणली होती. हॉर्न वाजला, आणि ती आपाच्या कितीतरी आधी, सरळ रेघेत थांबली. दोन्ही पाय टेकले आणि हँडलवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. आपा म्हणाली, "रडायचं नंतर गो. आधी गाडी स्टँडला लाव."

तेव्हापासून मी थांबते. भीती गेली म्हणाल तर मुळीच नाही, उलट वाढली आहे. डंपर अंगाला घासून जातो तेव्हा परत गाडी सुरू करायला वेळ लागतो. मागचे दुचाकीवाले शिव्या घालतात, कोणी माझ्या बाजूने फूटपाथवर चढून निघून जातं आणि वरची माणसं भिंतीला चिकटतात. पूर्वी ती भीती मी त्यांच्या अंगावर ढकलून मोकळी व्हायचे. आता ती माझ्यापाशीच राहते.

यंदा आपाच्या मुलाने, सलीमने, मस्कतची नोकरी सोडली. मुंब्र्याला एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि बायकोपोरांसकट आपालाही तिकडे न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी आम्ही सगळ्या गेलो. इतक्या जणी येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं, मला तर मुळीच नाही. घराबाहेर रस्त्याच्या कडेला स्कूटरची ही रांग लागली. रस्ता अरुंद, त्यात सलीमची सामानाने भरलेली गाडी. दोन्ही बाजूंनी वाहनं अडकली, हॉर्नवर हॉर्न सुरू झाले. कोपऱ्यावरचा हवालदार शिट्टी फुंकत धावत आला.

"ओ ताई! ह्या गाड्या फूटपाथवर घ्या की! रस्ता मोकळा करा!"

फूटपाथ समोर रिकामा होता. फाटकाचा उतारही होता, चढवायला एक क्षण लागला नसता. एकीनेही गाडीला हात लावला नाही. हवालदार परत ओरडला. तेव्हा आसावरी म्हणाली, "वर नाही घेणार साहेब. पावती फाडायची तर फाडा."

आपा गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. तिने काच खाली केली आणि हवालदाराला म्हणाली, "ऐकायच्या नाय त्या. मीच बिघडवल्यात." हसत म्हणाली. तिने ओढणी तोंडाला लावली आणि आमच्याकडे न बघता सलीमला खुणेने सांगितलं, चल.

परवा तिचा फोन आला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता लख्ख दिसतं, वॉकर सुटला, काठीवर भागतं. रोज सकाळी खाली उतरते चालायला, म्हणाली. मी म्हटलं, जपून गं आपा. ती म्हणाली, "हां गो, फूटपाथवरूनच चालते." फोन ठेवला आणि मी लगेच नसरीनला लावला, रोज सकाळी आपा घरी पोचली की मला कळव म्हणून. मुंब्र्यात तिने कोणालाच थांबायला शिकवलेलं नाही.