सगळ्यांत थोरला नियम

कराळेबाईंनी मला पहिल्याच भेटीत पकडलं. नागापूरच्या एका कारखान्यात खरेदीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. पुरवठादारांशी ऑनलाइन बोलणी करून करार ठरवणारा प्रोग्राम बसवायला मी गेले होते. पंधरा दिवसांत पुरा कर, रविवारीही ये, बिघडला तर धावत ये... त्या अटी घालत गेल्या आणि मी मान डोलवत गेले. त्यांनी चष्मा काढला. "पोरी, एका बी अटीवर घासाघीस न्हाई? तुज्यावर कायतरी येळ आलीय."

आली होतीच. माझे आधीचे दोन प्रोग्राम फसले होते; हाही फसला तर नोकरी जाणार होती. मी सांगून टाकलं. आता हाकलतील, असं वाटलं, तर त्यांनी डबा पुढे सरकवला. "शेंगाची चटणी खा आदी."

प्रोग्राम तर्काच्या भाषेत लिहिलेला, म्हणजे 'असं असेल तर तसं कर' अशा नियमांचा. घोळ तिथेच होता. उशिरा माल देणाऱ्याशी करार नको, असं एक नियम सांगे. जुन्या पुरवठादाराला सांभाळून घ्या, असं दुसरा. जुनाच माणूस उशीर करणार असला की प्रोग्राम हो म्हणेना, नाही म्हणेना, नुसता ठप्प. बाई खो खो हसल्या. "आगं, घरात दोघं भांडली तर थोरल्याचं ऐकत्यात. तुज्या नियमांत थोरलं कोन हाय?"

मी ते ठरवलंच नव्हतं! मग रोज दुपारी त्या जुन्या सौद्यांच्या गोष्टी सांगत आणि मी नियमांचा थोरला-धाकटा क्रम लावत बसे. हा प्रोग्राम त्यांचंच काम करणार होता, तरी त्यांनी हातचं काही राखलं नाही. पंधराव्या दिवशी तो चालला. माझी नोकरी त्या बाईंनी वाचवली.

शेवटचा नियम त्यांनी हट्टाने घालायला लावला, सगळ्यांत थोरला. समोरच्याने सगळ्या अटी एका दमात मान्य केल्या, तर करार करायचा नाही. "थांबायचं, आन् मानसानं फोन करायचा." वेळ फुकट जाईल, असं मी म्हटलं. "तुज्यापायी बी माजा गेलाच की," त्या म्हणाल्या.

मागच्या दिवाळीआधी बाई वारल्या, आणि तो फोन करायचं काम माझ्याकडे आलं.

मागच्या आठवड्यात प्रोग्राम थांबला. रबरी वॉशर बनवणाऱ्या एका बाईंनी आमच्या सगळ्या अटी मान्य केल्या होत्या. मी फोन लावला. "ताई, काही अडचण आहे का?"

त्यांनी पलीकडची मशीन बंद केली. मग विचारलं, "तुमाला कुनी सांगितलं?"

"आमच्या कराळेबाईंनी," मी म्हटलं.